हाताला शिकवलेली सुरक्षितता
(वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायला शिकवणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना)

पॅरिसमध्ये चाकू-कात्र्या घडवणाऱ्या झाँ-झाक पेरे या कारागिराने १७६९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. विषय एकच होता: माणसाने स्वतःची दाढी स्वतः करायला कसे शिकावे. ऐपतदार माणूस न्हाव्यापुढे मान करून बसत असे, त्या काळात असे पुस्तक लिहिणे हे धाडसच होते. याच पेरेने आणखी एक कल्पना मांडली. सुताराच्या रंध्यातले पाते लाकडाबाहेर जेमतेम डोकावते. तसेच लाकडी आवरण वस्तऱ्याला घातले, तर धार खोल जाणारच नाही, असे त्याला सुचले. अशा रीतीने एकाच माणसाने दोन वाटा दाखवल्या. पहिली हाताला शिकवण्याची आणि दुसरी हत्याराला आवर घालण्याची.

पुढच्या अडीच शतकांत जगाने दुसरी वाट धरली. आज दुकानात टांगलेले बहुतेक रेझर त्या लाकडी आवरणाचेच वंशज आहेत. त्यांनी दाढी सोपी आणि झटपट केली, यात शंका नाही. पण त्या सोयीमागे पहिली वाट बुजत गेली. हे पुस्तक त्या पहिल्या वाटेचे आहे. उघड्या पात्याचा वस्तरा हातात धरून, स्वतःला न कापता दाढी करायला शिकू पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी ते लिहिले आहे. त्यामागचा विचार सुरुवातीलाच सांगून टाकतो. दाढीच्या इतिहासात सुरक्षिततेची जागा सतत बदलत गेली. आधी ती न्हाव्याच्या हातात होती, मग हत्याराच्या रचनेत गेली आणि पुढे फेकून द्यायच्या ब्लेडमध्ये. पण ती आपल्या स्वतःच्या हातातही येऊ शकते, आणि एकदा आली की तिच्यासाठी कुठल्या दुकानावर अवलंबून राहावे लागत नाही.

वस्तऱ्याची भीती बहुतेकांना वाटते आणि ती रास्तही आहे. मात्र त्याची रचना समजून घेतली की भीतीची जागा सावधपणा घेतो. वस्तऱ्याला पाते असते, पात्याला जाड पाठ असते, मागे बोट टेकवायला निमुळती शेपटी असते आणि पाते मिटून ठेवायला दोन पट्ट्यांची मूठ असते. नवशिक्याला सोयीचे पाते ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद असते आणि त्याची पाठ साधारण साडेचार मिलिमीटर जाड असते. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकदमच दगडावर टेकवायच्या असतात. तसे केले की धारेचा कोन आपोआप १६ अंशांच्या आसपास बसतो. कोन सांभाळण्याची अर्धी जबाबदारी घडवणाऱ्याने पाठीवर टाकून ठेवलेली आहे. उरलेली अर्धी आपली.

मग वस्तरा लागतो कधी? बहुतेक वेळा तीन कारणांनी. पहिले कारण आडवी ओढ. धारेच्या काटकोनात, छोट्या अंतरात सरकणारे पाते केस कापते आणि त्वचेवरून पुढे निघून जाते. तेच पाते धारेच्या लांबीच्या दिशेने जरासे जरी सरकले, तरी त्वचा चिरते. दुसरे कारण कोन. पाते गालाशी साधारण ३० अंशांत धरायचे. सोप्या भाषेत, पाठ गालापासून तिच्या जाडीच्या दुपटीइतकी वर ठेवायची. त्याहून उभे धरले की पाते खरवडू लागते, अगदी आडवे धरले की केस ओढले जातात. तिसरे कारण बोथट धार, आणि नवशिक्याला पटायला हेच सर्वांत जड जाते. बोथट वस्तरा सुरक्षित वाटतो, पण तो चालत नाही म्हणून हात जोर लावतो, आणि जोर लावलेला हात घसरला की जखम होते. उत्तम धार असलेल्या पात्याला स्वतःच्या वजनाहून फारसे काही लागत नाही. म्हणून या पुस्तकात धारेचा विचार दाढीच्या आधी येतो.

या सगळ्याच्याही आधी येते पाणी. दाढीचा कोरडा केस फार चिवट असतो. तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. त्यासाठी कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटे पुरतात. मऊ केसाने पोलादाची धार जाते कशी, हा प्रश्न विज्ञानालाही सुचला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरीही कापला जाताना तो वाकतो, पात्यावर तिरका ताण आणतो आणि पोलादाची अंतर्रचना जिथे एकसारखी नसते तिथे धारेचा सूक्ष्म टवका उडवतो. कारखान्यातल्या ब्लेडवर केलेला हा अभ्यास वस्तऱ्यालाही बरेच शिकवतो. केस नीट भिजवणे हे त्वचेइतकेच धारेच्याही भल्याचे आहे.

केस भिजवण्याचे महत्त्व आपल्याकडच्या कारागिरांना आधीपासून ठाऊक होते. संत सेना न्हावी यांच्या सुप्रसिद्ध अभंगात धंद्यातल्या एकेका क्रियेला परमार्थाचा अर्थ दिलेला आहे. त्यात आरसा आहे, चिमटा आहे आणि पाण्याने डोके घोळून घेणेही आहे. हजामतीतला पूर्वतयारीचा हा टप्पा संतकवीच्या नजरेतून सुटला नाही, कारण तो त्यांच्या हातात मुरलेला होता.

वस्तऱ्याचा इतिहास लिखित इतिहासाहून जुना आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात तांब्याचे वस्तरे मिळाले आहेत. इजिप्तच्या थडग्यांतून ते निघाले आणि डेन्मार्कच्या कांस्ययुगीन दफनांतून जहाजांची चित्रे कोरलेले वस्तरे सापडले. बौद्ध भिक्षूने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंमध्ये तीन चीवरे, भिक्षापात्र, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र यांच्याबरोबर वस्तऱ्याचाही समावेश आहे. संघाच्या विनयाचा, म्हणजे शिस्तीच्या नियमांचा, मोठा जाणकार मानला गेलेला उपाली मूळचा शाक्यांचा न्हावी होता. रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की इ.स.पू. ३०० मध्ये सिसिलीहून न्हावी रोमला आणले गेले, आणि रोज दाढी करण्याची सवय धाकट्या सिपिओने पाडली. युरोपात पुढे वस्तरा आणि शस्त्रक्रिया एकाच हातात आल्या. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शल्यकार यांचा एकत्र संघ झाला, तो १७४५ पर्यंत टिकला. या सर्व काळात सुरक्षितता ही व्यावसायिकाची विद्या होती. ती हातातून हातात जाई, पुस्तकात उतरत नसे.

महाराष्ट्रात ही विद्या नाभिक समाजाने जपली. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची हजामत करायची आणि सुगीला धान्याचे बलुते घ्यायचे, अशी रीत होती. त्याच्या धोकटीत वस्तरे, कात्री, नराणी, आरसा, वाटी, तुरटी आणि धार लावायचे साहित्य असे. आज आपण ज्या कौशल्याकडे छंद म्हणून वळतो, ते या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी आणि पुष्कळदा मानाशिवाय सांभाळले. हे ऋण मान्य केल्याशिवाय मराठीत या विषयावर लिहिणे अप्रामाणिक ठरेल.

याच इतिहासाची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. आपल्या समाजात वस्तरा कोणाच्या डोक्याला लावायचा आणि कोणाच्या नाही, हे जातीने ठरवले. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांची हजामत करायला गावोगाव नकार मिळे. उलट उच्चवर्णीय विधवांच्या डोक्यावरून त्यांची इच्छा असो वा नसो वस्तरा फिरे. या केशवपनाविरुद्ध ज्यांनी ठाम पाऊल उचलले त्यांत वस्तरा धरणारे हातच होते. १८९० साली मुंबईत ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार केला. हत्यार कुठे चालवायचे नाही, हे ठरवणे हाही त्या विद्येचाच भाग आहे. मुंबईच्या त्या कारागिरांनी तो सर्वांत उंच पातळीवर नेला.

पोलादाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यात भारत मध्यभागी आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डजवळ १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार केले. त्या पोलादाने वस्तऱ्याचे रूप बदलले. पाते अधिक पातळ घासता येऊ लागले आणि धार अधिक काळ टिकू लागली. पण मुशीत पोलाद करण्याची कला दख्खनच्या आणि दक्षिणेच्या भट्ट्यांमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होती. ‘वूट्झ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पोलादाचे नमुने मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले. लंडनमधला नामांकित हत्यार-कारागीर जेम्स स्टोडार्ट त्याच्यावर लुब्ध झाला. आपण वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे या भारतीय पोलादाची करतो, अशी जाहिरातच तो करी. त्याच्याच सोबतीने मायकेल फॅरडे यांनी वूट्झचे पृथक्करण केले आणि पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळण्याचे प्रयोग केले. अशा मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडे यांनी मित्रांना भेट दिले. विजेच्या शोधांसाठी जग ज्यांना ओळखते, त्या शास्त्रज्ञाच्या आरंभीच्या मोठ्या कामांत वस्तऱ्याचे पोलाद होते.

या टप्प्यावर वस्तऱ्याची घराणी निर्माण झाली. नवशिक्याला त्यांची तोंडओळख हवी, कारण त्याच्या हाती येणारा वस्तरा यांपैकीच एखाद्या घराण्याचा असणार. शेफिल्डचा जुना वस्तरा जाड आणि वजनदार असतो. त्याचे पाते पाठीपासून धारेपर्यंत पाचरीसारखे उतरते किंवा किंचितच आत घासलेले असते. राठ दाढीवर तो शांतपणे चालतो. जर्मनीतल्या झोलिंगनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाते दोन्ही बाजूंनी खोल घासून पोकळ करण्याची कला परिपूर्णतेला नेली. अशा पात्याचा धारेजवळचा भाग इतका पातळ असतो की दाढी करताना तो झंकारतो. तो आवाज शिकणाऱ्याचा गुरू होतो. कोन चुकला, फेस वाळला की आवाज बदलतो. १९३८ पासून झोलिंगन या नावाला तिथे कायद्याचे संरक्षण आहे. फ्रान्समध्ये तिएर हे गाव आपली परंपरा अजून चालवते. स्वीडनमधल्या एस्किलस्तुनाने पाठ वेगळी आणि पाते वेगळे अशी रचना लोकप्रिय केली. जपानचा कामिसोरी या सर्वांहून निराळा आहे. त्याला मिटणारी मूठ नसते. मऊ लोखंडाला कठीण पोलाद जोडून तो घडवतात आणि त्याच्या दोन बाजूंची घासणी सारखी नसते. नीगाता प्रांतातल्या सांजो गावचे इवासाकी कोसुके हे धातुशास्त्र आणि लोहारकाम दोन्ही जाणणारे होते. पारंपरिक जपानी पोलादाच्या वस्तऱ्यांसाठी त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

धारेच्या बाबतीतही दोन पंथ आहेत. एक पंथ खाणीतल्या दगडांचा. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळा कोतिक्यूल हा त्यांचा मानबिंदू. त्यातले गार्नेटचे बारीक कण पोलाद घासतात. जर्मनीतल्या थुरिंगियाचा पाटीचा दगड, अमेरिकेतला आर्कान्सा आणि क्योटो परिसरातले दगड यांचेही चाहते आहेत. दुसरा पंथ कारखान्यात केलेल्या दगडांचा. त्यांवर कणांचे क्रमांक छापलेले असतात. १००० क्रमांकाच्या दगडावर धारेचा मूळ कोन बसवायचा, मग ४०००, ८००० आणि १२००० असे वर चढत जायचे. पहिल्या पंथाला स्पर्शाची भाषा प्रिय, दुसऱ्याला निश्चित मोजमाप. आमचे मत असे की नवशिक्याने मोजमापापासून सुरुवात करावी. काय बिघडले हे त्यातून लवकर कळते. हात स्थिर झाला की खाणीतल्या दगडाचा आनंद घ्यायला आयुष्य पडले आहे.

पट्ट्याबाबत मात्र सगळ्यांचे एकमत आहे. प्रत्येक दाढीआधी वस्तरा आधी कापडी आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. पट्टा धार नव्याने निर्माण करत नाही. वापराने वाकडी झालेली सूक्ष्म कड तो सरळ करतो आणि चकचकीत ठेवतो. टोकाला पोचल्यावर पाते पाठीवरून उलटायचे, धारेवरून कधीच नाही. एवढा एक नियम हाताला लागला की पट्टाही वाचतो आणि धारही.

हाताचे पंथही दोन. अमेरिकेत ए. बी. मोलर यांनी १८९३ साली शिकागोत न्हावीकामाची शाळा काढली आणि ही विद्या वर्गात शिकवली जाऊ लागली. तिथल्या पाठ्यपुस्तकांनी चेहऱ्याचे १४ भाग पाडले आणि प्रत्येक भागासाठी हाताची ठेवण ठरवून दिली. पण ही सारी शिस्त दुसऱ्याची दाढी करणाऱ्यासाठी आहे. स्वतःची दाढी करणाऱ्याला समोरून आरशातली उलटी प्रतिमा दिसते, स्वतःचाच हात आड येतो आणि डाव्या गालासाठी बहुधा डावा हात वापरावा लागतो. पेरेने सुरू केलेली परंपरा या अडचणींतून वाट काढण्याची आहे. आम्ही तिच्याच बाजूने लिहितो, मात्र कारागिरांच्या शिस्तीतून कातडी ताणण्याची आणि केसांची दिशा वाचण्याची पद्धत आदराने उचलतो. आपल्या सलूनमध्ये सुलट हात आणि उलट हात म्हणतात, त्यात ही सगळी समज सामावलेली आहे. पहिला हात केसांच्या दिशेने फिरतो. उलट हात फिरवायचाच झाला, तर तो नंतर आणि पुन्हा फेस लावूनच.

मग ही विद्या मागे का पडली? विल्यम हेन्सन यांनी १८४७ साली मूठ पात्याशी काटकोनात बसवून कडेला दाते दिले. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये आवरणाच्या रेझरचे पेटंट घेतले. निर्णायक वळण किंग कॅम्प जिलेट यांनी दिले. त्यांची कल्पना अशी की धार लावायचीच नाही. पातळ पत्र्याचे ब्लेड वापरायचे आणि टाकून द्यायचे. ते ब्लेड कारखान्यात करण्याची अवघड युक्ती विल्यम निकरसन यांनी साधली. १९०३ मध्ये ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९०,८८४ वर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड मागवली. घरी परतलेले तरुण रोज सकाळी स्वतःची दाढी करायची सवय घेऊन आले, आणि धार लावणे ही गोष्ट घराघरांतून नाहीशी झाली. पेरेचे स्वप्न पूर्ण झाले, पण त्याच्या दुसऱ्या वाटेने.

भारतात आणखी एक वळण आले. १९९० च्या दशकात एड्सविषयीची जाणीव पसरू लागली. एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी करण्यातला धोका लोकांना कळला, आणि सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड ही रीत झाली. दुधारी ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे ब्लेड बसवलेला उस्तरा आज शहरापासून तालुक्यापर्यंत दिसतो. एचआयव्ही आणि काविळीचे काही विषाणू रक्तातून पसरतात, तेव्हा सार्वजनिक जागी हा बदल अगदी योग्यच होता आणि तो कधीही मागे फिरू नये. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की धार लावणारा हात सलूनमधूनही गेला. ज्या घरांत आजोबा दगडावर पाते फिरवून आवाजावरून धार ओळखत, त्या घरांतल्या तरुण कारागिराला ते शिकायचे कारणच उरले नाही. वैयक्तिक वस्तरा, एकाच माणसाचा आणि एकाच चेहऱ्याचा, हीच आता ही विद्या जिवंत ठेवण्याची सुरक्षित जागा आहे.

आज या विषयाची गरज काय, याचे एक उत्तर इथेच आहे. दुसरे उत्तर त्वचेचे. ज्यांचे केस कुरळे आणि राठ असतात, त्यांच्या मानेवर केस आतल्या आत वळून पुटकुळ्या येतात. अनेक पात्यांचा रेझर जोर लावून, उलट दिशेने फिरवला की हा त्रास वाढतो. एका पात्याची, केसांच्या दिशेने केलेली संयमी दाढी अशा अनेकांना मानवते. तिसरे उत्तर वस्तूंच्या आयुष्याचे. नीट सांभाळलेला वस्तरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. जगभर आज शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे शेफिल्ड आणि झोलिंगनचे वस्तरे दुरुस्त होऊन वापरात येत आहेत. प्लॅस्टिकची मूठ, रबर आणि पोलाद एकत्र चिकटवलेला टाकाऊ रेझर पुन्हा वापरातही येत नाही आणि सहज सुटाही करता येत नाही. चौथे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अमेरिकी मुत्सद्दी आणि मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे की गरीब तरुणाला हजार गिनी देण्यापेक्षा त्याला स्वतःची दाढी करायला आणि वस्तरा नीट राखायला शिकवले, तर त्याच्या सुखात अधिक भर पडेल. पैसा संपतो, कौशल्य रोज उपयोगी पडते. फ्रँकलिन यांच्या या विधानात राखायला हा शब्द मोलाचा आहे. हत्यार वापरणे आणि हत्यार राखणे या दोन्ही गोष्टी एकाच हाताला आल्या, की माणूस वस्तूचा नुसता गिऱ्हाईक राहत नाही.

मराठीत असे पुस्तक हवे, यामागे आणखी एक साधे कारण आहे. या विषयावरचे बहुतेक लेखन थंड हवेच्या देशांत झाले आहे. आपल्या अडचणी वेगळ्या आहेत. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात उच्च कार्बन पोलादाचे पाते एका रात्रीत गंजाचे ठिपके धरते. दाढीनंतर ते पुसून, पूर्ण वाळवून, शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा हात देऊन ठेवावे लागते, आणि न्हाणीघरात तर ठेवूच नये. मराठवाड्यात आणि विदर्भात बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा फेस मोडतात, आणि फेस मोडला की पाते कोरड्या त्वचेवर चालते. उकळून गार केलेले किंवा पावसाचे साठवलेले पाणी तिथे मोठा फरक करते. उन्हाळ्यात घामेजलेली कातडी ताणताना बोटे घसरतात, तेव्हा बोटाला तुरटीचा खडा लावला की पकड येते. परदेशी पुस्तकांत हे सगळे एका ठिकाणी मिळणार नाही. आपल्या घरात मात्र ते रोज लागते.

हे पुस्तक काय करू पाहते, तेही सांगायला हवे. पहिल्याच दिवशी संपूर्ण चेहरा गुळगुळीत घोटून दाखवण्याची घाई ते करत नाही. आधी पट्टा, तोही मुद्दाम बोथट ठेवलेल्या पात्याने. मग फक्त गाल, कल्ल्याखालची सपाट जागा, आणि उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने. गालावर हात बसल्यावर जबडा, त्यानंतर मान, आणि सर्वांत शेवटी हनुवटी व वरचा ओठ, कारण तिथे हाड, वळण आणि दाट केस एकत्र येतात. प्रत्येक टप्प्यावर हात थांबवायचा कधी, हे आम्ही हात चालवायचा कसा याच्याइतकेच तपशिलाने सांगितले आहे. दाढी अर्धी राहिली तरी चालेल, पण थकलेल्या किंवा घाईतल्या हाताने वस्तरा धरायचा नाही, हा या पुस्तकातला पहिला नियम आहे आणि शेवटचाही.

काही मर्यादाही स्पष्ट करतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, जखम उशिरा भरणाऱ्या मधुमेहींनी, हात थरथरणाऱ्यांनी आणि चेहऱ्यावर मुरुमे फुललेल्या तरुणांनी आधी डॉक्टरांना विचारावे. वस्तरा कोणालाही उसना देऊ नये. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी तो ठेवू नये. जुन्या पेटीत सापडलेला आजोबांचा वस्तरा भावनेच्या भरात थेट गालाला लावू नये. धारेवर गंजाचे खड्डे, पात्याला तडा किंवा मुठीची सैल झालेली खीळ दिसली, तर तो आधी जाणकाराच्या हाती द्यावा. हे पुस्तक संग्राहकांसाठी वस्तऱ्यांची किंमत सांगणारे नाही, आणि सलून चालवणाऱ्या कारागिराला त्याचा धंदा शिकवण्याची आमची पात्रताही नाही. उलट, वाचक कारागिरांनी यातल्या गोष्टी तपासून पाहाव्यात, आपल्या घरात चालत आलेल्या रीती आणि धंद्यातले शब्द आम्हाला कळवावेत, अशी कळकळीची विनंती आहे. अशा कितीतरी गोष्टी अजून कुठेच लिहिल्या गेलेल्या नाहीत, आणि त्या सांगू शकणारी पिढी थकत चालली आहे.

शेवटी एवढेच. वस्तरा शिकणाऱ्याला सुरुवातीला आपण शौर्याचे काही करतो आहोत असे वाटते. हळूहळू त्याला उमगते की इथे शौर्याला जागा नाही. इथे लागते ते लक्ष, रोजची निगा आणि हलका हात. हे तीन गुण कोणत्याही वयात, कोणत्याही माणसाला, सरावाने येतात, आणि कापून न घेता दाढी करणे हा त्यांचा परिणाम असतो. वाचकाने या पुस्तकातून एवढे जरी घेतले, तर पेरेने दाखवलेली ती पहिली वाट मराठीत चालती झाली, असे आम्ही समजू.